रोजच्या पापाशी लढायचं कसं: पडायच्या आधी, त्या क्षणी आणि पडल्यावर

बाप्तिस्मा झालाय, साक्ष दिलीय, रविवारची उपासना चुकत नाही, बायबल रोज उघडलं जातं, आणि तरी तोच राग, तेच सहज तोंडातून निघणारं खोटं, तेच रात्री मोबाइलवर नको ते बघणं, दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात होणारी तीच जळजळ. मग हळूच मनात येतं की माझं तारण तरी खरं आहे का? ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी हे लिहितोय आणि मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण "प्रार्थना कर, वचन वाच, सगळं ठीक होईल" एवढं सांगून माणसाला वाटेला लावणं मला पटत नाही. सल्ला खरा आहे, पण प्रार्थना कधी करायची, नेमकी कशासाठी, आणि तरीही पडलो तर उठायचं कसं हे कोणीतरी सांगायला हवं ना.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपण सगळा जोर मोहाच्या त्या दोन मिनिटांवर लावतो, आणि तिथे आपण सगळ्यात कमजोर असतो. खरी लढाई त्याच्या आधीच्या काही तासांत होते आणि पडलोच तर त्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात.

लढायच्या आधी हे मनात पक्कं करा

रोमकरांस पत्राचा ७ वा अध्याय वाचा. जे चांगलं करायचंय ते होत नाही आणि जे नको तेच हातून होतं असं पौल तिथे कळवळून लिहितो. हे तो तारणाआधीच्या स्थितीबद्दल बोलतोय की विश्वासी म्हणून, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत, पण गलतीकरांस ५:१७ मध्ये तर सरळ विश्वासणाऱ्यांनाच सांगितलंय की देह आत्म्याच्या विरुद्ध आणि आत्मा देहाच्या विरुद्ध इच्छा करतो. म्हणजे आत ओढाताण होतेय एवढ्यावरून तुम्ही देवाचे नाही असं ठरत नाही. मला तर उलट जिथे काहीच ओढाताण होत नाही तिथे जास्त काळजी वाटते.

आणि आता क्रम बघा, कारण सगळं त्यावर उभं आहे. रोमकरांस ८:१ मध्ये आधी येतं की ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही, आणि मग बारा वचनांनंतर, ८:१३ मध्ये, आत्म्याच्या साहाय्याने देहाची कर्मं मारून टाका असं येतं. आधी स्वीकार, मग लढाई. आपण हे उलटं करतो, म्हणजे आधी मी सुधारतो मग देव मला जवळ घेईल, आणि त्या हिशोबाने प्रत्येक पराभवानंतर देव आणखी लांब गेल्यासारखा वाटतो आणि लढायला बळच उरत नाही.

अजून एक. मोह होणं म्हणजे पाप नव्हे. इब्री ४:१५ म्हणतं की येशूची सगळ्या बाबतीत आपल्यासारखीच परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. डोक्यात घाणेरडा विचार आला म्हणून स्वतःला पापी ठरवून बसू नका, तो विचार आत घेऊन त्याच्याशी गप्पा मारायला लागलो की मात्र गोष्ट बदलते.

पहिली पायरी: एकच पाप घ्या आणि त्याला नाव द्या

"प्रभू मी फार पापी आहे" असं म्हणणं सोपं असतं, त्यात काहीच सांगावं लागत नाही. "मी घरात आवाज चढवतो", "मी कामाबद्दल वरिष्ठांना खोटे रिपोर्ट देतो", "मी मैत्रिणीच्या पाठीमागे तिच्याबद्दल बोलते" हे म्हणायला जीव जड होतो. तर एक निवडा, एकाच वेळी सगळं आयुष्य दुरुस्त करायला जाऊ नका.

नेमकं काय निवडावं हे कळत नसेल तर ४ थ्या शतकातल्या इव्हाग्रियस नावाच्या वाळवंटातल्या संन्याशाने केलेली विभागणी अजूनही कामाला येते. तो आठ प्रकारचे विचार सांगायचा: खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, उदासी, राग, कशातच मन न लागणं, लोकांनी वाहवा करावी ही हाव, आणि गर्व. (६ व्या शतकात पोप ग्रेगरी यांनी यात फेरबदल करून सात केले, ती यादी बहुतेकांनी ऐकलेली असते.) यातलं "कशातच मन न लागणं" जरा नीट बघा, कारण पुष्कळ जण वासनेशी लढतोय असं समजतात आणि मूळ असतं कंटाळ्यात. दुपारभर काम टाळलेलं असतं, आत एक रिकामेपण असतं, आणि मग बोट आपोआप स्क्रीनवर जातं.

एक पाप ठरलं की त्याचा हिशोब ठेवा. जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नाशियस लोयोला यांनी १६ व्या शतकात याची अगदी साधी पद्धत दिली होती, सकाळी उठल्यावर त्या एका दोषाबद्दल सावध राहायचं ठरवायचं, दुपारी आणि रात्री जेवणानंतर थांबून आठवायचं, जितक्या वेळा पडलो तितक्या खुणा कागदावर करायच्या, आणि मग आजची ओळ कालच्या ओळीशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी लावून बघायचा. कॅथलिक असा की प्रोटेस्टंट, करून बघायला हरकत नाही. फक्त त्या खुणा म्हणजे देवाने दिलेले मार्क नव्हेत हे विसरू नका, आपलं लक्ष कुठे सुटतं ते कळावं एवढंच त्यांचं काम.

दुसरी पायरी: मागे मागे जाऊन बघा

मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून इथे जरा थांबतो. याकोब १:१४-१५ मध्ये क्रम दिलाय, माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, भुलतो, वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते, आणि पाप वाढलं की मरण. म्हणजे पापाला दिवस जातात, ते एकदम आकाशातून पडत नाही. मग आपण ते जन्मायच्या वेळीच का पकडायला जातो?

रागाचं उदाहरण घेऊ. रात्री नऊ वाजता मुलाच्या हातून पाणी सांडलं आणि बाप त्याच्यावर असा ओरडला की पोरगं थरथरलं. बापाला वाटतं पाप नऊ वाजता झालं. आता मागे जाऊ. साडेआठला बायकोने काहीतरी विचारलं तेव्हा उत्तर तुटक होतं. सातला घरी येताना रस्ताभर मनात एकच रेकॉर्ड चालू होती, "सगळं मीच करायचं, माझी कोणाला किंमतच नाही." पाचला कामावर चारचौघांत कोणीतरी अपमान केला आणि तो गिळला. दुपारी जेवण झालंच नव्हतं. आणि सकाळी उशीर झाला म्हणून प्रार्थना राहिली होती. आता सांगा, लढायची जागा कुठली? नऊ वाजता त्या बापाच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं, पण सात वाजता होतं, घरात शिरायच्या आधी पाच मिनिटं बाहेर उभं राहून "प्रभू, आज माझा अपमान झालाय, मला लागलंय, हे घेऊन मी घरात जातोय, मला सांभाळ" एवढं म्हणता आलं असतं.

दावीदाचंही असंच बघा. २ शमुवेल ११ ची सुरुवातच अशी आहे की राजे लढाईला जातात त्या मोसमात दावीद राजाने सेनापती यवाबाला पाठवलं आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. मग संध्याकाळी पलंगावरून उठला, गच्चीवर फिरायला लागला, बाई दिसली, ती कोण याची चौकशी केली. उत्तरात सरळ आलं की ती बथशेबा, उरीयाची बायको. तरी त्याने तिला बोलावून घेतलं. इतक्या ठिकाणी त्याला थांबता आलं असतं, आणि प्रत्येक पुढच्या ठिकाणी थांबणं आधीपेक्षा अवघड होत गेलं.

तुमच्या पापाचं असंच लिहून काढा. कुठली वेळ, कुठली जागा, कोण बरोबर, शरीर थकलेलं की भुकेलेलं, आदल्या तासात काय झालं, आणि मनात नेमकं कोणतं वाक्य चालू होतं. ते वाक्य सापडलं की अर्धं काम झालं समजा, कारण बहुतेक पापांच्या आधी एक वाक्य असतं. "माझा हक्कच आहे", "एकदाच", "कोणाला कळणार", "नाहीतरी मी वायाच गेलोय".

तिसरी पायरी: वाट बंद करा, आणि जागा रिकामी सोडू नका

रोमकरांस १३:१४ म्हणतं की प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहवासना तृप्त करण्यासाठी तरतूद करू नका. इ.स. ३८६ मध्ये मिलानमधल्या एका बागेत ऑगस्टीनने (तो पुढे बिशप झाला) हेच वचन वाचलं आणि वर्षानुवर्षं जी वासना त्याला सोडत नव्हती तिथून त्याचं आयुष्य वळलं. वचनात तरतूद करू नका म्हटलंय, आणि आपण तर गुपचूप तरतूद करून ठेवतो. नंबर डिलीट करत नाही, ॲप फोल्डरमध्ये लपवतो, "फक्त असू दे" म्हणतो.

तर प्रॅक्टिकल बोलू. रात्री मोबाइलवर घसरत असाल तर मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत, अलार्मला साधं घड्याळ घ्या, आणि ब्लॉकरचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात द्या, तुमच्याकडे असलेला ब्लॉकर ब्लॉकर नसतो. निंदा करायची सवय असेल तर जिथे तो विषय हमखास निघतो तो ग्रुप सोडा, लोक काय म्हणतील ते म्हणतील. खोटं बोलत असाल तर आधीच दोन-तीन खरी वाक्यं तयार ठेवा, "हे माझ्याकडून झालं नाही", "याबद्दल मला आत्ता बोलायचं नाही", कारण पुष्कळदा आपण गडबडून खोटं बोलतो. पैशाच्या बाबतीत घसरत असाल तर हिशोब दुसऱ्याला दाखवायची व्यवस्था करा. मत्तय ५:२९ मध्ये येशू डोळा उपटून टाकण्याबद्दल बोलतो, तिथे शरीर कापा असं सांगायचं नाहीये, पण इतकं कठोर बोलणारा प्रभू आपल्या एका ॲपबद्दल काय म्हणेल याचा विचार करा.

पण निव्वळ कुंपणं घालून मन बदलत नाही. कलस्सैकरांस २:२१-२३ मध्ये पौल स्पष्ट लिहितो की "हात लावू नको, चाखू नको" असले नियम दिसायला शहाणपणाचे असतात पण देहाच्या लालसेला आवर घालायला त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून लगेच दुसरं काम करायचं. इफिसकरांस ४:२८ बघा, चोराला चोरी सोड एवढंच सांगितलेलं नाही, हाताने काम कर आणि गरजवंताला दे असं सांगितलंय. चोरणारे तेच हात आता देतात. तसंच ज्याच्याबद्दल वाईट बोलायचो त्याच्याबद्दल एक खरी चांगली गोष्ट दुसऱ्यांसमोर बोलायची. ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव घेऊन रोज त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करायची, पहिल्यांदा घशात अडकते, तरी करायची. आणि एकटेपणामुळे वासनेकडे वळत असाल तर त्या वेळेला माणसात जा, कोणाला तरी फोन करा, भेटा, कारण तहान खरी आहे, फक्त तुम्ही पाणी चुकीच्या ठिकाणी शोधताय.

चौथी पायरी: तो क्षण आलाच तर

इथे फार बोलण्यासारखं नाही. वासनेच्या बाबतीत वाद घालत बसू नका, पळा. १ करिंथ ६:१८ सरळ पळा म्हणतं, आणि योसेफ पोटीफराच्या बायकोच्या हातात वस्त्र सोडून पळाला. खोलीतून उठा, दिवा लावा, बाहेर पडा. राग असेल तर तोंड बंद आणि पाय चालू.

वचन तोंडपाठ हवं, आणि त्या पापासाठी ठरवलेलं हवं. अरण्यात येशूने सैतानाला तीन वेळा उत्तर दिलं आणि तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या ६ व्या आणि ८ व्या अध्यायांतली होती, म्हणजे ती आधीपासून मनात होती. त्या क्षणी बायबल उघडून शोधायला वेळ मिळत नाही. म्हणून एक वचन निवडा, पाठ करा, आणि मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात म्हटलं तर ते विचारांच्या गर्दीत हरवतं. प्रार्थना लांब नको, "प्रभू येशू, मला सोडव" पुरे. १ करिंथ १०:१३ मध्ये देवाने निभावण्याचा मार्ग देण्याचं वचन दिलंय, तो मार्ग बहुतेक वेळा दरवाजासारखा साधा असतो, आपल्याला तो नको असतो एवढंच.

पाचवी पायरी: पडल्यावरचा पहिला अर्धा तास

पडल्यानंतर दोन आवाज येतात. एक म्हणतो काही विशेष झालं नाही, सगळेच करतात. दुसरा म्हणतो आता कुठल्या तोंडाने प्रार्थना करणार, दोन-चार दिवस जाऊ दे, जरा चांगलं वागून मग देवाकडे जा. दुसरा आवाज फार धार्मिक वाटतो म्हणून जास्त घातक आहे, कारण त्या दोन-चार दिवसांत माणूस देवापासून लांब असतो, आणि "नाहीतरी पडलोच आहे" म्हणून परत परत पडतो. एका पापाची दहा पापं बहुतेक वेळा अशीच होतात. दावीदही पाप झाकायला गेला आणि शेवटी त्याने उरीयाला मारवलं.

येशूला धरलं त्याच रात्री दोघं पडले होते, त्याला धरून देणारा यहूदा आणि त्याला ओळखत नाही म्हणणारा पेत्र. दोघांनाही वाईट वाटलं, यहूदाने तर पैसेसुद्धा परत केले आणि "मी पाप केलं" असं कबूलही केलं, पण तो ते घेऊन याजकांकडे गेला आणि तिथून एकटाच मरायला गेला. पेत्र रडला, पण इतर शिष्यांसोबत राहिला, आणि पुढे किनाऱ्यावर प्रभू दिसला तेव्हा त्याने तारवातून पाण्यात उडी घेतली. २ करिंथ ७:१० मधलं पश्चात्तापाकडे नेणारं दैवी दुःख आणि मरणाकडे नेणारं जगिक दुःख यातला फरक मला इथे दिसतो.

तर पडलात की लगेच, त्याच खोलीत, घाण वाटत असतानाच बोला. आणि नेमकं बोला. "प्रभू काही चुकलं असेल तर माफ कर" ही कबुली झाली नाही. कबुली अशी: "प्रभू, मी आत्ता बायकोला पाहुण्यांसमोर टाकून बोललो. मला माहीत होतं तिला लागेल, आणि लागावं म्हणूनच बोललो. तिचं बरोबर होतं आणि मला ते सहन झालं नाही. हे तुझ्याविरुद्ध पाप आहे. येशूच्या रक्ताने मला शुद्ध कर." यात "पण तिने आधी..." नाही. मग १ योहान १:९ म्हणा, की पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो. न्यायी हा शब्द तिथे मुद्दाम आहे, किंमत वधस्तंभावर भरून झालीय. म्हणून स्वतःला शिक्षा देत बसू नका, उपाशी राहून, स्वतःला शिव्या देऊन, चर्चला न जाऊन. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ५१ वाचा, किंवा ३२, किंवा १३०.

त्यानंतर माणसाकडे जायचं. ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असली नाही, मी काय केलं ते सांगून. पैसे घेतले असतील तर परत. जकातदार जक्कयाने चौपट परत करतो म्हटलं होतं, आपण निदान घेतले तेवढे तरी परत करू. मुलांचीही माफी मागायची, आईबापांनी, आणि त्यात कमीपणा नाही.

आणि हे पुन्हा पुन्हा करावं लागतं याची लाज बाळगू नका. १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा आहे की प्रभूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं हे त्याला हवं होतं.

सहावी पायरी: एका माणसाला सांगा

याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतं, आणि ही पायरी सगळे टाळतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये याजकाजवळ कबुलीचा संस्कार आहे, तो असेल तर नियमित जा. इतरांनी एक माणूस शोधावा, विश्वासात मुरलेला, तोंडाने घट्ट, जो ऐकून ना दचकेल ना हसण्यावारी नेईल. लैंगिक पापाबद्दल बोलायचं तर पुरुषाने पुरुषाशी, बाईने बाईशी बोलणं बरं. ग्रुपवर टाकू नका. आठवड्याला एकदा ठरलेल्या वेळी त्याने सरळ विचारायचं, "या आठवड्यात त्या बाबतीत काय झालं? आणि माझ्यापासून काही लपवलंस का?" लपवलेल्या पापाची निम्मी ताकद ते लपलेलं असण्यात असते, उजेडात आणलं की ते लगेच मरत नाही पण दुबळं होतं.

काही ठिकाणी एवढं पुरणार नाही. दारू, ड्रग्ज, जुगार किंवा पॉर्नचं व्यसन लागलं असेल तर डॉक्टर किंवा काउन्सेलरची मदत घ्या, त्याने विश्वास कमी ठरत नाही. दिवसभर सतत "मी अक्षम्य पाप केलं" असले विचार येत असतील, एकच कबुली वीस वेळा देऊनही शांती मिळत नसेल, तर तो आजारही असू शकतो, दाखवून घ्या. आणि घरात मारहाण होत असेल किंवा लेकराला कोणी त्रास देत असेल तर तिथे "कबुली दिली, क्षमा झाली" म्हणून विषय संपत नाही, आधी ज्याला धोका आहे त्याला सुरक्षित करायचं आणि कायद्याने जे व्हायचं ते होऊ द्यायचं. तुमच्यावर कोणी केलेला अत्याचार तर तुमचं पाप नाहीच, तो कबुलीत धरू नका.

फरक पडतोय का हे कसं ओळखायचं

फक्त खुणा मोजून कळत नाही. पडल्यापासून देवाकडे परत यायला पूर्वी आठवडा लागायचा आणि आता तास लागतो, तर फरक पडलाय. नऊ वाजता कळायचं ते आता सात वाजता कळतं, तर फरक पडलाय. कधी कधी जास्त पापं दिसायला लागतात आणि माणूस घाबरतो, पण ती आधीपण होतीच, आता दिसतात. आणि बरेच दिवस जिंकत असाल तर जास्त जपा, त्या वेळी गर्व आत शिरतो आणि न जिंकणाऱ्यांबद्दल मन कडक होतं.

एक दिवस कोणीतरी तुमच्याकडेही येईल, मान खाली घालून, अर्धवट वाक्यं बोलत. गलतीकरांस ६:१ म्हणतं अशाला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा. तेव्हा लगेच उपदेश सुरू करू नका, पूर्ण ऐकून घ्या, आश्चर्य दाखवू नका. मग त्याच्यासमोर १ योहान १:९ मोठ्याने वाचा, त्याच्या नावासकट, कारण स्वतःच्या तोंडून म्हटलेलं पटत नाही ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की पटतं. पुढच्या आठवड्यात तुम्हीच फोन करा, त्याच्या फोनची वाट बघू नका. आणि त्याने सांगितलेलं कोणालाही सांगू नका, प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा नाही.